सक्तमजुरीकडून व्यवसाय प्रशिक्षणाकडे : महाराष्ट्रातील कारागृहीय श्रमाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कारागृहातील बंद्यांना शासकीय खर्चाने सुतारकाम, शिवणकाम, विणकाम, बेकरी, शेती अशा व्यवसायांचे प्रशिक्षण दिले जाते. या खर्चाविषयी समाजात दोन परस्परविरोधी मते आढळतात. ज्या गरीब घरातील तरुणाने कोणताही गुन्हा केलेला नाही त्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळविण्यासाठी धडपडावे लागते, शुल्क भरावे लागते. मग गुन्हा करणाऱ्याला तेच शिक्षण विनामूल्य का मिळावे, असा प्रश्न एका बाजूने विचारला जातो. दुसऱ्या बाजूने असे सांगितले जाते की, बंदी आज ना उद्या सुटून समाजातच परत येणार आहे. त्याच्या हाताला काम नसेल तर तो पुन्हा गुन्ह्याकडे वळेल आणि त्याची किंमत समाजालाच मोजावी लागेल. पहिला प्रश्न न्याय्यतेचा आहे, दुसरा उपयुक्ततेचा.

या वादात एक गोष्ट बहुधा नजरेआड होते. कारागृहातील काम आणि कारागृहातील प्रशिक्षण या दोन भिन्न बाबी आहेत. काम बंद्याकडून करवून घेतले जाते. प्रशिक्षण बंद्यासाठी असते. महाराष्ट्राच्या भूमीवरील कारागृहांचा सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर शासनाने दीर्घकाळ पहिल्या गोष्टीलाच दुसरीचे नाव दिले, असे दिसते. म्हणूनच ‘बंद्याला फुकट शिकवावे का?’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी ‘बंद्याला आजवर खरोखर काय शिकविले गेले व ते कोणाच्या सोयीने?’ हे तपासणे आवश्यक ठरते. प्रस्तुत शोधनिबंधात त्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मुंबई इलाखा व महाराष्ट्र राज्य यांतील कारागृहीय श्रमाच्या धोरणाचे टप्पे स्पष्ट करणे.
२) श्रम आणि प्रशिक्षण यांतील फरक ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे दाखविणे.
३) सार्वजनिक खर्चातून दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाची न्याय्यता व उपयुक्तता यांचे मूल्यमापन करणे.

अभ्यास पद्धती व मर्यादा

या निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. समित्यांचे अहवाल, कायदे, जिल्हा गॅझेटिअर, न्यायनिर्णय आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची (एनसीआरबी) कारागृह सांख्यिकी ही माहितीची मुख्य साधने आहेत. अभ्यासाचे क्षेत्र प्रामुख्याने महाराष्ट्र असून अखिल भारतीय धोरणाचा विचार आवश्यक तेथेच केला आहे.

१. रस्त्यावरील मजुरीकडून कारागृहाच्या भिंतीआड

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारच्या अमलाखाली बेड्या घातलेल्या कैद्यांकडून रस्ते बांधून घेणे ही सर्वत्र रूढ पद्धत होती. मेकॉलेच्या पुढाकाराने १८३६ मध्ये कारागृह शिस्त समिती नेमण्यात आली व तिने १८३८ मध्ये अहवाल सादर केला. रस्त्यावरील मजुरीमुळे शिस्त बिघडते आणि कैद्यांच्या आरोग्याची हानी होते, असे समितीचे मत होते. मात्र त्यावर समितीने सुचविलेला उपाय सुधारणेचा नव्हता. कैद्याला भिंतीआड ठेवावे आणि त्याच्याकडून कंटाळवाणे, एकसुरी काम करून घ्यावे, असे तिने सुचविले. शिक्षण, नैतिक उपदेश किंवा चांगल्या वर्तणुकीबद्दल बक्षीस या मार्गांवर तिचा विश्वास नव्हता. कामातून कैद्याने काही शिकावे अशी अपेक्षाच नव्हती. कामाचा त्रास व्हावा हाच हेतू होता.

या विचाराला इंग्लंडमधील १८३४ च्या दरिद्री कायद्याची पार्श्वभूमी होती. सरकारी मदतीवर जगणाऱ्याची स्थिती स्वकष्टाने जगणाऱ्या सर्वांत गरीब मजुरापेक्षा चांगली असता कामा नये, हे त्या कायद्यामागील तत्त्व होते. तेच तत्त्व कारागृहालाही लावण्यात आले. दुष्काळाच्या काळात कारागृहातील भाकरी बाहेरच्या उपासमारीपेक्षा बरी वाटून लोक मुद्दाम गुन्हे करतील, ही भीती वसाहतकालीन प्रशासनाला वाटत असे. ‘प्रामाणिक गरिबाला जे मिळत नाही ते कैद्याला का?’ हा आजचा प्रश्न त्या तत्त्वाचाच वारस आहे.

याच काळातील महाबळेश्वरचे उदाहरण मात्र वेगळे आहे. पूर्वेकडील ब्रिटिश वसाहतींतून शिक्षा होऊन आलेले चिनी व मलायी कैदी तेथील कारागृहात ठेवलेले होते. भाजीपाल्याची लागवड आणि वेताच्या वस्तू बनविणे यांत ते कुशल होते. या कैद्यांच्या बागकामाची व वेतकामाची नोंद सातारा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. हे कौशल्य शासनाने शिकविलेले नव्हते. कैद्यांनी ते स्वतःबरोबर आणले होते. कारागृहात येणारा मनुष्य कोऱ्या पाटीसारखा नसतो, ही बाब पुढील काळातील प्रशिक्षण योजनांनी क्वचितच लक्षात घेतली.

२. गालिचे, छापखाना आणि नफ्याचा हिशेब

पुण्याजवळील येरवडा कारागृहाची स्थापना १८७१ मध्ये झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील अनेक मध्यवर्ती कारागृहांचे रूपांतर कारखान्यांत झाले होते. आग्रा, लाहोर आणि येरवडा येथील गालिचे विशेष प्रसिद्ध होते. विजापूरच्या असर महालातील जुन्या गालिच्यांच्या नमुन्यांवरून येरवड्यात गालिचे विणले गेले. आग्रा कारागृहातील कैद्यांनी राणी व्हिक्टोरियासाठी विणलेला प्रचंड गालिचा विंडसर राजवाड्यातील वॉटर्लू दालनात अंथरण्यात आला.

या उद्योगावर त्याच काळात टीका झाली आणि ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बेळगाव येथे जन्मलेले व मुंबईत दीर्घकाळ सेवा केलेले जॉर्ज बर्डवुड यांनी भारतीय हस्तकलांवरील आपल्या १८८० च्या ग्रंथात कारागृहातील गालिच्यांविरुद्ध कठोर मत मांडले. कैद्यांच्या स्वस्त श्रमामुळे बाहेरच्या पारंपरिक विणकराचा व्यवसाय मोडतो आणि कलेचा दर्जाही घसरतो, असा त्यांचा आक्षेप होता. खासगी कारखानदारांनीही कारागृहांच्या स्पर्धेबद्दल तक्रारी केल्या. परिणामी कारागृहांनी खुल्या बाजाराऐवजी सरकारी खात्यांना लागणाऱ्या वस्तू बनवाव्यात, हे धोरण हळूहळू रुजले. येरवडा कारागृह मुद्रणालयात छापलेले सरकारी नमुने, नोंदवह्या व अहवाल मुंबई इलाख्याच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे वापरले गेले.

येथे न्याय्यतेच्या प्रश्नाची बाजू उलटलेली दिसते. आज प्रामाणिक गरिबाच्या पैशातून कैद्याला शिकविले जाते, अशी तक्रार आहे. त्या काळी कैद्याच्या बिनमोल श्रमामुळे प्रामाणिक गरिबाची भाकरी हिरावली जाते, अशी तक्रार होती. सार्वजनिक पैसा कैद्यावर खर्च होत होता हे खरे. पण कैद्याच्या श्रमातून तो खर्च काही अंशी भरून काढला जात होता. श्रमाचा मोबदला कैद्याला मिळत नव्हता. शिवाय सरकारी खात्यांसाठी माल बनविण्याच्या धोरणाचा एक दूरगामी परिणाम झाला. कोणते काम शिकवायचे हे बाहेरच्या रोजगारावरून नव्हे, तर सरकारी मागणीवरून ठरू लागले. पोलिसांच्या सतरंज्या व कचेरीची लाकडी कपाटे बनविणाऱ्या कैद्याला सुटकेनंतर त्याच कामासाठी कोण मालक मिळणार, हा विचार त्या हिशेबात नव्हता.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने कारावासाचे सश्रम आणि साधा असे दोन प्रकार केले. १८९४ च्या कारागृह अधिनियमाने सश्रम शिक्षेच्या कैद्याकडून दिवसाला सर्वसाधारणपणे नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, असा नियम घातला. साध्या कैदेतील कैद्याला त्याची इच्छा असेल तर काम द्यावे आणि काम टाळल्याबद्दल आहारातील बदलाखेरीज अन्य शिक्षा करू नये, असेही त्यात म्हटले होते. कामाचे तास आणि वैद्यकीय तपासणी यांची काळजी या कायद्याने घेतली. काम शिकविण्याचे बंधन मात्र कारागृहावर घातले नाही.

३. बालगुन्हेगार आणि ‘गुन्हेगार जमाती’

व्यवसाय शिक्षणाची खरी सुरुवात प्रौढ कैद्यांपासून नव्हे, तर मुलांपासून झाली. १८५० च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने अनाथ व किरकोळ गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखाली देण्याची तरतूद केली. त्यानंतर १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून औद्योगिक व सुधारगृह ही संस्था सुरू झाली. पुढे १८७६ व १८९७ च्या सुधारशाळा कायद्यांनी आणि १९२९ च्या मुंबई बोर्स्टल शाळा कायद्याने हा विचार अधिक विस्तृत केला. मुलाला शिकविता येते, प्रौढ गुन्हेगाराला मात्र केवळ राबविता येते, अशी विभागणी या कायद्यांच्या मुळाशी होती.

दुसरे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यात व्यापकपणे लागू झाला. सोलापूर येथे तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तेथील स्त्री-पुरुषांना कापड गिरण्यांत कामाला पाठविले जाई. सरकारी भाषेत हे त्यांना उद्योगी बनविण्याचे कार्य होते. परंतु हे लोक न्यायालयात दोषी ठरल्यामुळे वसाहतीत आले नव्हते. विशिष्ट जमातीत जन्मल्यामुळे आले होते. गिरण्यांना हुकमी मजूर मिळाले आणि वसाहतीतील माणसाला हजेरीच्या जाचातून सुटका मिळाली नाही. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. काम मिळवून देणे हे नेहमीच उपकारक असते, हे गृहीतक सोलापूरच्या वसाहतीच्या इतिहासापुढे टिकत नाही. निवडीचे स्वातंत्र्य नसलेले काम नियंत्रणाचे साधन बनू शकते.

४. १९१९-२० ची समिती आणि राजकीय कैद्यांचा अनुभव

सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील १९१९-२० च्या भारतीय कारागृह समितीने प्रथमच स्पष्टपणे मांडले की, शिक्षेचा हेतू केवळ दहशत बसविणे हा नसून कैद्याची सुधारणा करणे हाही आहे. अंदमानला काळ्या पाण्यावर पाठविण्याची पद्धत बंद करावी, अशी शिफारसही तिने केली. १८३८ च्या समितीशी तुलना करता हा मोठा वैचारिक बदल होता.

याच सुमारास राजकीय कैद्यांच्या निमित्ताने सुशिक्षित मराठी समाजाला कारागृहीय श्रमाचा प्रत्यक्ष परिचय झाला. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये कैद्यांना तेलाच्या घाण्याला जुंपले जाई, याचे वर्णन विनायक दामोदर सावरकर यांनी आपल्या आत्मकथनात केले आहे. तेथे श्रम हे यातनेचेच रूप होते. याउलट महात्मा गांधींनी येरवडा कारागृहात सूतकताई स्वेच्छेने स्वीकारली. पेटीत मावणारा चरखा ‘येरवडा चक्र’ या नावानेच ओळखला गेला. कारागृहाच्या एकाच चौकटीत श्रमाला दोन टोकांचे अर्थ प्राप्त झाले. हा भेद कामाच्या कष्टापेक्षाही ते काम कोणी निवडले आणि कशासाठी केले यावर अवलंबून होता. अर्थात राजकीय कैद्यांच्या अनुभवामुळे कारागृहाविषयीची सहानुभूती वाढली, तरी सामान्य गुन्हेगाराच्या वाट्याला ती फारशी आली नाही.

५. स्वतंत्रपूरचा प्रयोग

महाराष्ट्राच्या कारागृह इतिहासातील सर्वांत धाडसी प्रयोग ब्रिटिश मुलखात नव्हे, तर औंध या लहानशा संस्थानात झाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये आपल्या प्रजेला जबाबदार राज्यपद्धती दिली. या कार्यात पोलंडमधून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन यांचे मोलाचे साहाय्य होते. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत स्थापन झाली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना तेथे भिंती व बेड्यांशिवाय ठेवण्यात आले. ते आपल्या कुटुंबासह राहत आणि शेती करीत. आटपाडीचा परिसर हा माणदेशातील दुष्काळी भाग. तेथील शेती ही कोणासाठीही कठीणच होती. कैद्यासाठी ती वेगळी सोपी केलेली नव्हती.

या प्रयोगाचे सामर्थ्य कशात होते? शेती हा कैद्यांपैकी बहुतेकांचा मूळ व्यवसाय होता. नवे कौशल्य लादण्याऐवजी अवगत कौशल्य जबाबदारीने वापरण्याची संधी त्यांना मिळाली. कुटुंब जवळ असल्याने सुटकेनंतर नव्याने संसार जुळविण्याचा प्रश्न उरला नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पळून जाणे शक्य असताना न पळण्याचा निर्णय कैद्याला दररोज स्वतः घ्यावा लागे. व्यवसाय प्रशिक्षणाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात न बसणारे हे शिक्षण होते. औंध संस्थानाच्या परिसरातच वाढलेले ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावर आधारित कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निर्माण केला. चित्रपटामुळे या कल्पनेला जगभर प्रसिद्धी मिळाली.

१९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाल्यावरही ही वसाहत बंद पडली नाही, ही उल्लेखनीय बाब आहे. पुढे उत्तर प्रदेशात १९५२ पासून संपूर्णानंद यांच्या पुढाकाराने मोबदल्यासह खुली श्रमशिबिरे सुरू झाली. महाराष्ट्रात १९६८ मध्ये पैठण येथे खुले कारागृह स्थापन झाले. तथापि, खुल्या कारागृहांची क्षमता नेहमीच मर्यादित राहिली. सर्वांत यशस्वी ठरलेला नमुना हाच सर्वांत कमी विस्तारलेला नमुना आहे, हा या इतिहासातील विरोधाभास होय.

६. स्वातंत्र्योत्तर धोरण आणि न्यायालये

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार कारागृह हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. त्यामुळे केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे द्यावीत आणि राज्यांनी आपल्या तिजोरीच्या मर्यादेत ती अमलात आणावीत, अशी रचना राहिली. १९५१-५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ वॉल्टर रेकलेस यांनी भारतातील कारागृह प्रशासनाचा अभ्यास केला. त्यानंतरच्या समितीने तयार केलेली आदर्श कारागृह नियमावली १९६० मध्ये आली. न्या. आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (१९८०-८३) व्यवसाय प्रशिक्षण, योग्य वेतन आणि सुटकेनंतरचे साहाय्य या तिन्ही गोष्टींचा एकत्रित विचार केला. २००३ व २०१६ च्या आदर्श नियमावल्यांत आणि २०२३ च्या आदर्श कारागृह व सुधारसेवा अधिनियमातही कौशल्य विकासाला स्थान आहे. धोरणाच्या पातळीवर उणीव शब्दांची नव्हती.

न्यायालयांनी या विषयाला अधिक नेमकी दिशा दिली. गुजरात राज्य विरुद्ध गुजरात उच्च न्यायालय या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये महत्त्वपूर्ण निर्णय दिला. सश्रम कारावासाच्या शिक्षेतील सक्तीचे काम हे संविधानाच्या अनुच्छेद २३ मधील वेठबिगारीच्या मनाईचा भंग करीत नाही. परंतु त्या कामासाठी न्याय्य वेतन दिले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. बंद्याच्या अन्न-वस्त्राचा खर्च वेतनातून वजा करण्यास न्यायालयाने मुभा दिली, तसेच वेतनाचा काही भाग गुन्ह्यात बळी पडलेल्यांच्या भरपाईसाठी राखून ठेवण्याचा मार्ग दाखविला.

सर्वोच्च न्यायालयाचा ३ ऑक्टोबर २०२४ चा सुकन्या शांता प्रकरणातील निर्णय तितकाच महत्त्वाचा आहे. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत स्वयंपाकाचे काम विशिष्ट जातींच्या बंद्यांना आणि सफाईचे काम विशिष्ट जातींच्या बंद्यांना देण्याच्या तरतुदी होत्या. काही ठिकाणी विमुक्त जमातींतील व्यक्तींना सराईत गुन्हेगार मानण्याची वसाहतकालीन दृष्टीही टिकून होती. या तरतुदी न्यायालयाने घटनाबाह्य ठरविल्या. या निर्णयाचा प्रशिक्षणाशी थेट संबंध आहे. जातीवरून ठरलेले काम बंद्याला काही नवीन शिकवीत नाही. त्याला जेथून आला तेथेच परत पाठविते.

७. न्याय्यतेचा विचार

वरील इतिहासाच्या प्रकाशात प्रारंभीच्या आक्षेपाकडे पुन्हा पाहता येईल. ‘प्रामाणिक गरिबाला जे मिळत नाही ते बंद्याला का?’ हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. कष्ट करून शिकणाऱ्या तरुणाची आणि गुन्ह्यात घरातील कर्ता माणूस गमावलेल्या कुटुंबाची भावना त्यात आहे. मात्र त्याची तीन अंगे वेगळी केली पाहिजेत.

पहिले अंग तुलनेचे आहे. गरीब तरुणाला परवडणारे व्यवसाय शिक्षण मिळत नसेल तर तो अन्याय खराच. पण कारागृहातील वर्ग बंद केल्याने त्या तरुणाला एकही जागा अधिक मिळत नाही. दोघांतील मूलभूत फरक असा की, बाहेरचा तरुण काम शोधू शकतो, स्थलांतर करू शकतो, एखाद्या कारागिराकडे उमेदवारी करू शकतो. बंद्याचे हे सर्व मार्ग शासनाने स्वतः बंद केलेले असतात. ज्याने मार्ग बंद केले त्याच्यावर काही अंशी पर्याय देण्याची जबाबदारी येते.

दुसरे अंग बळी पडलेल्या व्यक्तीचे आहे. १९९८ च्या निर्णयाने याचे व्यवहार्य उत्तर दिले आहे. कुशल बंद्याच्या कामाला अधिक मोल मिळाले तर भरपाईसाठी वेगळी काढता येणारी रक्कमही वाढते. अकुशल, नाममात्र मोबदल्यावर राबणारा बंदी ना स्वतःच्या कुटुंबाला काही देऊ शकतो, ना पीडित कुटुंबाला. या अर्थाने प्रशिक्षण हे पीडिताच्या हिताविरुद्ध नाही.

तिसरे अंग बंद्यांमधील आपसातील समानतेचे असून त्याची चर्चा सर्वांत कमी होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत एकूण ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ म्हणजे ७५.८ टक्के न्यायाधीन बंदी, तर १,३३,४१५ सिद्धदोष बंदी होते. कारागृहे क्षमतेच्या १३१.४ टक्के भरलेली होती. कारागृहातील कारखाने मुख्यतः सिद्धदोष बंद्यांसाठी उभारलेले आहेत, कारण सश्रम शिक्षा त्यांनाच असते. न्यायाधीन बंद्याला कामाची सक्ती करता येत नाही हे योग्यच आहे. पण सक्ती नाही म्हणून संधीही नाही, असा त्याचा अर्थ व्यवहारात झाला. परिणामी ज्याचा गुन्हा सिद्ध झाला त्याला काही शिकण्याची शक्यता असते आणि ज्याचा सिद्ध झाला नाही तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे रिकामा बसतो. न्याय्यतेचा सर्वांत गंभीर प्रश्न बंदी आणि बाहेरचा गरीब यांच्यात नसून तो येथे आहे.

८. उपयुक्ततेचा विचार

प्रशिक्षणामुळे पुनर्गुन्हे खरोखर कमी होतात का? अमेरिकेतील रँड संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, कारागृहात शिक्षण घेतलेल्यांमध्ये पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता तुलनेने बरीच कमी आढळली. मात्र स्वतःहून शिकण्यास पुढे येणारा बंदी मुळातच सुधारणेस अनुकूल असू शकतो, ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते. शिवाय तेथील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आपल्याकडील वार्षिक सांख्यिकीत किती बंद्यांना कोणत्या व्यवसायाचे प्रशिक्षण दिले याची संख्या मिळते. सुटकेनंतर त्यांपैकी किती जणांनी तो व्यवसाय केला आणि किती काळ टिकविला, हे त्यातून कळत नाही. सार्वजनिक पैशाच्या उपयुक्ततेवर बोलताना नेमकी हीच माहिती निर्णायक असते.

तरीही इतिहासावरून काही गोष्टी ठामपणे सांगता येतात. सरकारी मागणीवर आधारलेले व्यवसाय कारागृहाच्या भिंतीबाहेर फारसे जात नाहीत. स्त्री बंद्यांच्या वाट्याला शिवणकाम, भरतकाम, पापड-मसाले अशी घरगुती स्वरूपाची व अल्प उत्पन्नाचीच कामे बहुधा येतात. त्यांवर स्वतंत्रपणे कुटुंब चालविणे कठीण असते. प्रशिक्षण आणि रोजगार यांच्यामध्ये चारित्र्य पडताळणी, राहण्याची जागा, ओळखपत्रे आणि कुटुंबाची स्वीकृती असे अनेक उंबरठे असतात. मुंबईत १९९० पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाने नेमक्या याच टप्प्यावर काम केले आणि त्यात न्यायाधीन बंद्यांचाही समावेश केला. मुक्त विद्यापीठांच्या कारागृहांतील अभ्यासकेंद्रांनीही शिक्षणाचा वेगळा मार्ग खुला केला. स्वतंत्रपूरमध्ये जे एका वसाहतीत एकत्र होते, म्हणजे काम, कुटुंब आणि विश्वास, ते अन्यत्र तुकड्या-तुकड्यांनी जुळवावे लागते.

निष्कर्ष

१) १८३८ पासून दीर्घकाळ कारागृहीय श्रमाचा हेतू त्रास देणे, खर्च भागविणे किंवा नियंत्रण ठेवणे हा होता. त्याला प्रशिक्षण म्हणणे ऐतिहासिकदृष्ट्या योग्य नाही.
२) कैद्याच्या श्रमाचा लाभ प्रामुख्याने शासनाला झाला आणि त्याची झळ काही वेळा बाहेरच्या कारागिराला बसली. ‘कैद्याला सर्व फुकट मिळते’ ही समजूत या इतिहासाशी विसंगत आहे.
३) सोलापूरची वसाहत आणि स्वतंत्रपूर ही दोन्ही मराठी मुलखातील उदाहरणे आहेत. पहिल्या ठिकाणी माणसाला काम मिळाले, पण विश्वास मिळाला नाही. दुसऱ्या ठिकाणी दोन्ही मिळाले. प्रशिक्षणाचे फलित या फरकावर अवलंबून असते.
४) सार्वजनिक खर्चाने दिलेले प्रशिक्षण तत्त्वतः न्याय्य आहे, परंतु न्यायाधीन बंद्यांना त्यातून वगळणे, जात वा लिंगावरून काम ठरविणे आणि न्याय्य वेतन न देणे यांमुळे ते व्यवहारात अन्याय्य ठरते.

सूचना

न्यायाधीन बंद्यांचा कारागृहातील काळ अनिश्चित असल्याने त्यांच्यासाठी काही आठवड्यांत पूर्ण होणारे आणि बाहेर गेल्यावर पुढे चालू ठेवता येणारे ऐच्छिक अभ्यासक्रम असावेत. प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेचे असावे व त्यावर कारागृहाचा उल्लेख नसावा. अभ्यासक्रम ठरविताना बंद्याचे पूर्वीचे कौशल्य आणि त्याच्या जिल्ह्यातील रोजगार यांची नोंद घ्यावी. वेतनातील किती वाटा बंद्याचा, किती कुटुंबाचा व किती पीडिताचा, हे दरवर्षी जाहीर करावे. सुटलेल्या प्रशिक्षित बंद्यांचा किमान दोन वर्षे पाठपुरावा करून त्याचे निष्कर्ष, व्यक्तींची ओळख गुप्त ठेवून, प्रसिद्ध करावेत. करदात्याला आपल्या पैशाचा हिशेब मागण्याचा अधिकार आहे, आणि बंद्यांचे प्रशिक्षण चालू राहावे असे ज्यांना वाटते त्यांनीच तो हिशेब सर्वप्रथम मांडला पाहिजे.